मोरीला बोळा

दोन महिने लेकीकडे राहून सुशिलाबाई कापगते आता घरी परत येणार होत्या, आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या नव्या न्हाणीघरात घरच्याच माणसांना पाय टाकायची बंदी होती. बंदी घालणारा होता दुर्गाप्रसाद मिस्त्री. तो गोंदियाहून आला होता, हिंदीत बोलायचा, आणि जगातल्या कुठल्याही माणसावर त्याचा विश्वास नव्हता. मोरीच्या बाबतीत तर मुळीच नव्हता.

"योगराज भाऊ, टाइल तो कोई भी लगा लेता है," तो सुशिलाबाईंच्या मुलाला सांगायचा. "बाथरूम की जान इस छेद में है."

मग तो एक गोष्ट सांगायचा. कुठल्याशा मोठ्या घरात टाइल्स बसवताना मोरीच्या पाइपात पसाभर सिमेंट सांडलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. सिमेंट आत जाऊन दगड झालं, आणि वास्तुपूजेच्या दिवशी पाहुण्यांनी पाय धुतले ते पाणी जागचं हललं नाही. शेवटी नवी कोरी फरशी घणानं फोडावी लागली. ही गोष्ट तो जवळचा नातेवाईक गेल्यासारखी सांगे. ऐकणाऱ्यालाही मग हळहळ व्यक्त केल्याशिवाय उठता येत नसे.

म्हणून काम सुरू करण्याआधी त्यानं पोत्याच्या तुकड्याचा एक घट्ट बोळा केला, त्याला सुतळी बांधली आणि तो पाइपात वीतभर खोल बसवला. सुतळीचं टोक तेवढं वर ठेवलं. खाली सिमेंटचा थर घातला, मोरीकडे उतार दिला, त्यावर टाइल्स बसवल्या, फटींत पांढरं सिमेंट भरलं. पंधरा दिवसांत त्या भोकात वाळूचा एक कण गेला नाही. सोमवारी दुपारी तो दुसऱ्या कामासाठी तिरोड्याला निघाला तेव्हा योगराजकडून तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. बुधवारी बोळा काढायचा. मग दोन बादल्या पाणी ओतून बघायचं. मग वर जाळी ठेवायची, ती पक्की करायला तो स्वतः येणार. आणि आंघोळ शुक्रवारच्या आत करायची नाही. ही चौथी गोष्ट झाली, पण मिस्त्रीनं ती तिसऱ्यातच धरली.

योगराजनं सगळं मान्य केलं. मोरी म्हणजे काय हे त्याला मिस्त्रीनं शिकवायची गरज नव्हती, असं त्याचं मत होतं. इटियाडोह धरणाच्या नहराकाठी त्याची धानाची शेती. कापगते म्हणजे कोहळी समाजातले. त्यांच्या पूर्वजांनी तलाव बांधले, पाण्याला वळण लावलं, हे घरातल्या लेकरालाही ठाऊक. पण एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. ह्या घराण्याची सगळी हुशारी पाणी अडवण्यात होती. पाणी घालवण्याचा त्यांना फारसा सराव नव्हता.

न्हाणीघर बांधायचं कारण असं झालं. सप्टेंबरात सुशिलाबाई जुन्या न्हाणीच्या दगडावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाला ऑपरेशन झालं, आणि पुढचे दिवस त्या तिथंच लेकीकडे, रुचिकाकडे राहिल्या. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे खाली बसायचं नाही, पायरी नाही, उंबरठा नाही. आंघोळ खुर्चीवर बसून, शॉवरखाली. रुचिका आईला आधी ओल्या फडक्यानं पुसायची, पुढे खुर्चीवर बसवून स्वतः आंघोळ घालायची. तिनं कशातही कमी केलं नाही. पण चाळीस बायांच्या पुढे उभं राहून धानाची रोवणी करवून घेणारी ही बाई हळूहळू गप्प होत गेली. फोनवर ती ना धानाचं विचारायची, ना गाईचं. विचारायची एकच, "न्हानी झाली का?"

आणि एकदा त्या सुनेला, प्रेमिलाला, हळूच म्हणाल्या होत्या, "मले एकडाव दार लावून एकटीनं आंघोळ करू दे वो. बाकी काही नको मले."

प्रेमिलानं हे नवऱ्याला सांगितलं. त्या दिवसापासून ते न्हाणीघर नुसतं न्हाणीघर राहिलं नाही. धान कापायचं, चुरायचं, पोती भरायची, ह्या सगळ्या धांदलीतही योगराज मिस्त्रीची नजर चुकवून दिवसातून चार वेळा टाइल्सवर हात फिरवून यायचा.

आता त्या गावाची एक रीत सांगायला हवी. बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, पाळेवरून (बोलीत पारेवरून) चालताना कोणाच्याही बांधीचं तोंड फुटून पाणी वाहताना दिसलं, तर माणूस थांबतो, मातीचं ढेकूळ उचलतो, टाचेनं दाबून भोक बुजवतो आणि पुढे जातो. बांधी कोणाची हे बघत नाही. पुढे गेल्यावर सांगतही नाही. सांगणं म्हणजे उपकार दाखवणं, आणि तसं करणाऱ्याला गाव हलकं समजतं. ही रीत फार चांगली आहे. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या धान पिकलं आहे. फक्त ती न्हाणीघराला लागू पडते की नाही, ह्याचा विचार तोवर कोणी केला नव्हता.

सोमवारी संध्याकाळी योगराजचे काका उदाराम काम बघायला आले. वय पासष्ट, पण पाळेवरून अजून तरण्या माणसासारखे चालायचे. त्यांनी बघितलं तर मोरीचं तोंड सताड उघडं, आजूबाजूला सिमेंटची भुकटी पडलेली, आणि एक सुतळी उगीच लोंबत असलेली. मिस्त्रीचा बोळा वीतभर आत अंधारात होता, तो त्यांना कुठून दिसणार. एवढी गोष्ट सांगणारा मिस्त्री भोक उघडं टाकून गेला, ह्याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी तणसाचा, म्हणजे धानाच्या वाळलेल्या काडाचा, घट्ट पेंडा वळला, सुतळीसकट आत दाबला आणि घरी गेले. कोणाला काही बोलले नाहीत.

मंगळवारी शेजारची शामकला आली. प्रेमिला खळ्यावर होती. सुशिलाबाई येणार म्हणून शामकलानं आपण होऊन न्हाणीघर झाडायला घेतलं. मोरीत नुसतं तणस कोंबलेलं बघून तिला हसू आलं. तणसातून भुकटी खाली जाणार नाही तर काय? तिनं आपल्या जुन्या लुगड्याचं फडकं चौघडी करून वरून बसवलं, न्हाणीघर लख्ख झाडलं आणि निघून गेली. तीही काही बोलली नाही.

बुधवारी योगराजनं ठरल्याप्रमाणे मोरीत हात घातला आणि फडकं बाहेर काढलं. मिस्त्रीचा बोळा असा मऊ लुगड्याचा कसा, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही. त्याला बोळा काढायचा होता, तो निघाला. आता दोन बादल्या ओतायच्या, तर सकाळपासून वीज नव्हती आणि टाकी कोरडी होती. त्यानं माठातलं लोटाभर पाणी ओतलं. ते तणसानं मुकाट पिऊन टाकलं. लोटाभर गेलं म्हणजे बादलीभरही जाईल, असा हिशेब करून त्यानं जाळी ठेवली आणि बायकोला सांगितलं की बोळा काढला.

गुरुवारी सकाळी प्रेमिलानं जाळी धुवायला उचलली तर खाली तणस. खळ्यावरून उडून आलं असेल असं तिला वाटलं. तिनं ते खोलवर हात घालून शेवटच्या काडीपर्यंत उपसलं आणि गाईला टाकलं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तुमचं लक्ष नव्हतं असं म्हटल्यासारखं झालं असतं, म्हणून तीही गप्प राहिली. जाळी परत बसली. खाली वीतभर अंतरावर मिस्त्रीचा बोळा, आत लोटलेल्या सुतळीसकट, दुर्गाप्रसादनं बसवला होता तसाच, इमानानं बसून होता.

गुरुवारी दुपारी सुशिलाबाई वॉकर धरून घरात आल्या. त्यांनी भेटायला जमलेल्या पाहुण्यांकडे बघितलं नाही, धानाच्या पोत्यांकडे बघितलं नाही, सरळ न्हाणीघरापर्यंत चालत गेल्या. पांढऱ्या टाइल्स, भिंतीला धरायला नळी, प्लास्टिकची खुर्ची, वर शॉवर, गरम पाण्याचा गॅस गिझर बाहेरच्या भिंतीला. उंबरठा नव्हता. सुशिलाबाईंनी दाराच्या कडीला हात लावून बघितला. कडी आतून होती.

"उद्या," त्या म्हणाल्या. एवढंच बोलल्या.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता त्या आत गेल्या आणि दार बंद झालं. कडी लावू नको असं योगराज कालपासून विनवत होता. शेवटी प्रेमिलानं त्याला गप्प केलं होतं. ती दाराबाहेर पाटावर बसून राहिली. आतून पाण्याचा आवाज सुरू झाला. मग थोड्या वेळानं बारीक आवाजात गुणगुणणं ऐकू आलं, रोवणीच्या वेळी बाया म्हणतात त्यातलं काहीतरी. प्रेमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं डोळे पुसले, आणि मग तिच्या लक्षात आलं की पाणी पायांनाही लागतंय.

दाराखालच्या फटीतून एक पातळ धार निवांत बाहेर येत होती. उंबरठा नसल्यामुळे तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. ती ओसरीच्या कडेनं सरळ, भिंतीला लावलेल्या धानाच्या पोत्यांकडे निघाली होती. त्यांत पुढच्या वर्षाचं बियाणं होतं.

प्रेमिलानं योगराजला हाक मारली नाही. धावत जाऊन त्याचा हात धरून आणला आणि बोटानं दाखवलं. योगराज दारावर थाप मारणार, तोच तिनं ती थाप हवेतच धरली.

"खबरदार," ती दबक्या आवाजात म्हणाली. "दोन महिन्यांनी एकटी बसली आहे ते. घाबरून उठली अन पाय घसरला तं?"

योगराजनं विचारलं, टाकीचा कॉक तरी बंद करू का. ती म्हणाली, अंगाला साबण लावलेला असेल. म्हणजे दार ठोकायचं नाही, पाणी तोडायचं नाही, आणि आतल्या माणसाला कळू द्यायचं नाही. एवढ्या अटी तर मिस्त्रीनंही घातल्या नव्हत्या.

वाहत्या पाण्याचा वास आल्यासारखे उदाराम नेमके त्याच वेळी अंगणात शिरले. मागून शामकला वाटीभर चटणी घेऊन आली. उदारामांनी धार बघितली आणि त्यांच्या चेहऱ्यावर पन्नास वर्षांचा अनुभव गोळा झाला. पाणी का येतंय हे त्यांनी विचारलं नाही. बांधीचं पाणी फुटल्यावर का फुटलं हे आधी कोण विचारतो. घराच्या मागं पाइपासाठी खणलेली काळी माती पडून होती. त्यांनी योगराजला नुसती मान हलवून ती दाखवली. दोघांनी घमेल्यांनी माती आणली, आणि पाच मिनिटांत न्हाणीघराच्या दारापुढे ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हातभर रुंद पाळ उभी राहिली. उदाराम ती अनवाणी टाचेनं दाबत पुढे सरकत होते. पाळ अशी बसली की ओसरीत थेंब येईना. पोती वाचली. सगळ्यांनी श्वास सोडला.

"कोन आहे वो बाहेर?" आतून आवाज आला.

"कोनी नाही आई," प्रेमिला म्हणाली.

"मंग थपथप कायची होऊन राहिली?"

"शामकला कपडे धुऊन राहिली."

हातात चटणीची वाटी धरून उभ्या असलेल्या शामकलानं मुकाट्यानं वाटी खाली ठेवली आणि तीन-चार वेळा टाळ्या वाजवल्यासारखा आवाज केला. आतलं गुणगुणणं परत सुरू झालं.

पाळ उत्तम झाली, आणि हाच घोटाळा झाला. बाहेर यायचं बंद झालेलं पाणी आता आत चढायला लागलं. दाराच्या फटीशी ते दोन बोटं दिसत होतं, मग तीन. वॉकर ओला, फरशी बुडालेली, आणि आत खुबा मोडून सांधलेली सत्तर वर्षांची बाई. योगराजचा चेहरा उतरला.

"मोरीले बोळा अन दरवाजा मोकळा म्हनतात, तसं झालं हे," शामकला पुटपुटली.

"दरवाजा कुठं मोकळा आहे आता," उदाराम दुखावून म्हणाले. "अन मोरीले कायचा बोळा?"

योगराज म्हणाला, बोळा तर मी बुधवारीच काढला. प्रेमिला म्हणाली, आत थोडा कचरा होता, तोही मी काल काढला. म्हणजे मोरी साफ होती, आणि अडलं असणार ते पुढे, बाहेरच्या पाइपात. योगराज लांब बांबू घेऊन परसात धावला. पाइप अळूच्या वाफ्यात उघडत होता. तो अळवात पालथा पडला, बांबू आत घातला आणि ढोसू लागला. बांबू चार हात गेला आणि वळणावर अडकला. मग तो ना पुढे जाईना ना मागे येईना. आता पाइपात बोळा नसलाच तरी बांबू नक्की होता.

चिखलानं माखलेला योगराज ओसरीत परत आला आणि त्यानं शेवटी दुर्गाप्रसादला फोन लावला. चौघांनी फोनभोवती डोकी जोडली.

"पानी नहीं जा रहा," योगराज कुजबुजला.

"इतना धीरे क्यों बोल रहे हो?"

"माय आत आहे. नहा रही है. तिले मालूम नहीं पडना चाहिए."

दुर्गाप्रसादही तिरोड्यात आपसूक हळू बोलायला लागला. त्यानं विचारलं, बोळा निकाला था? योगराज म्हणाला, हो, निकाला. मिस्त्रीचा जगातल्या माणसांवर विश्वास नव्हता, ते असं उपयोगी पडायचं.

"कैसा था?"

"कैसा म्हणजे, कपडे का. लुगडे का फडका."

"मेरा तो बोरे का था. सुतली वाला."

चौघांची डोकी फोनवरून वर आली. आत शॉवर पडत होता.

"फडकं माहं होतं," शामकला खाली बघत म्हणाली.

प्रेमिलानं सांगितलं की तिनं काल काढलं ते तणस होतं. उदारामांनी खाकरून घेतलं. ह्या माणसानं आयुष्यात केलेल्या मदतीबद्दल पहिल्यांदाच तोंड उघडलं असावं.

"तनीस माहं होतं," ते म्हणाले. "सुतळी बी मीच आत लोटली. मले का मालूम खाली बोळा आहे म्हनून."

म्हणजे बोळे तीन लागले होते आणि दोन निघाले होते. कोणी कोणाचं भलं करताना सांगितलं नव्हतं, आणि कोणी काढतानाही सांगितलं नव्हतं. योगराजला रागवायचं होतं, पण कोणावर हे ठरेना. काकांनी त्याच्या आईची मोरी जपली होती. शामकलानं जपली होती. प्रेमिलानं काडी काडी उपसली होती. एवढ्या माणसांनी एवढं प्रेम केल्यावर मोरी तुंबणारच. त्याच्या मनात असं काहीतरी आलं आणि त्याला रडू येईल की हसू, हे त्याचं त्यालाच कळेना.

मिस्त्रीनं फोनवर सांगितलं की सुतळी ओढली की बोळा निघेल, जाळी नुसती ठेवलेली आहे. पण सुतळी आत होती, आणि आत फक्त सुशिलाबाई होत्या. त्यांना सांगायचं कोणी? पाणी चार बोटांवर आलं.

"सांगू नका," प्रेमिला म्हणाली. ती दारापुढून हलली नाही. "खुर्ची पक्की आहे. बसली आहे तोवर काही होत नाही. उठतो म्हनंल तवा मी सांगन, की आई बसूनच राय. तोवर आंघोळ होऊ द्या तिची."

उदारामांनी ह्यावर वाद घातला नाही. त्यांनी धोतर खोचलं, आणखी दोन घमेली माती मागवली आणि पाळ वीतभर उंच केली. शामकलानं कोणी न सांगताच पायपोस गोळा करून पोत्यांपुढे लावले. योगराज पाळेला टेकून बसला आणि कुठं झिरपतंय का बघत तिथं चिखलाचं बोट फिरवत राहिला. चार माणसं एका बंद दारापुढे, आवाज न करता, एका बाईच्या आंघोळीसाठी धरण राखत बसली होती. आत गुणगुणणं थांबलं नव्हतं. उलट आता शब्द कळायला लागले होते.

बरोब्बर पाऊण तासानं शॉवर बंद झाला. प्रेमिला उठून दाराला तोंड लावून सांगणार, तोच आतून घळाघळा आवाज आला. मोठा, पोटातून आल्यासारखा. दाराच्या फटीतलं पाणी चार बोटांचं तीन झालं, दोन झालं, आणि बघता बघता पांढरी फरशी दिसायला लागली. मागं अळवात काहीतरी सणसणत जाऊन पडलं. तो बांबू होता, हे त्यांना नंतर कळलं.

थोड्या वेळानं कडी वाजली. दार उघडलं. सुशिलाबाई वॉकर धरून उभ्या होत्या. लुगडं स्वतः नेसलेल्या, ओले केस स्वतः पुसलेल्या, चेहरा दोन महिन्यांत नव्हता इतका उजळलेला. वॉकरच्या दांडीला पोत्याचा काळा बोळा सुतळीनं बांधून लटकवलेला होता. त्यांनी आधी समोरच्या चार चिखलानं भरलेल्या माणसांकडे बघितलं, मग पायापुढच्या गुडघाभर पाळेकडे. डॉक्टरांनी उंबरठा नको म्हणून सांगितलं होतं, तिथं दिरानं धरण बांधलं होतं.

"पार चांगली घातली भाऊजी," त्या म्हणाल्या.

उदाराम इतके ओशाळले की त्यांना पाळ मोडायचंही सुचेना. प्रेमिलानं पुढे होऊन सासूचा हात धरला आणि विचारलं, बोळा कसा काढला. सुशिलाबाई म्हणाल्या, त्यात काय. पहिल्या दोन-चार मिनिटांतच सुतळी तरंगून जाळीच्या भोकातून वर आली होती. बांधीचं तोंड फोडता फोडता त्यांचा जन्म गेला होता. वॉकरच्या पायानं जाळी सरकवली, सुतळी हाताला गुंडाळली, ओढली.

"पहिलेच दिसली?" योगराज म्हणाला. "मंग पहिलेच काऊन नाही काढला माय? आमी इथं मरून राहिलो."

सुशिलाबाईंनी आपल्या पायांकडे बघितलं. बोटं पाण्यानं सुरकुतून पांढरी झाली होती.

"पाय बुडले होते रे," त्या म्हणाल्या. "आखाड-सावनात बांधीत उभं राहावं तसे. दोन महिने झाले, ह्या पायाईले कोनी पान्यात ठेवलं नाही. नुसतं पुसलं, नाहीतर वरून पानी ओतलं. म्हनून म्हटलं, राहू दे. भरू दे." मग दाराच्या चौकटीला हात टेकून त्या म्हणाल्या, "तुमी पार घालून राहिले ते मले आत आयकू येत होतं. शामकलाचे कपडे बी आयकू आले. आता दार ठोकतील, मंग ठोकतील, म्हनून वाट पाहून राहिली होती. कोनी ठोकलं नाही. अशी मानसं कोनाले भेटत नाहीत रे. मले भेटली."

शामकला तोंडात पदर धरून हसायला लागली आणि हसता हसता रडली. उदारामांनी आकाशाकडे बघितलं, जणू नहराला पाणी कधी सुटणार ह्याचाच ते विचार करत होते. योगराजनं पुढे होऊन दोन्ही हातांनी पाळेत वॉकरपुरती वाट केली आणि आईला हाताला धरून बाहेर आणलं. उन्हात खुर्ची टाकली, त्यांना बसवलं. त्यांच्या पायांना चिखल लागला होता, पण आता त्या ते पुसू देईनात.

"आई, उद्या बोळा लावून ठेवू का?" प्रेमिलानं विचारलं.

"ठेव. पर आधी पार घाला, मंग बोळा. आज उलटं झालं."

इतका वेळ योगराजच्या खिशातला फोन चालूच होता. त्याला मिस्त्रीची आठवण झाली. त्यानं फोन कानाला लावला.

"निकला क्या?" दुर्गाप्रसाद अजूनही कुजबुजतच बोलत होता.

"निकला."

"भगवान का शुक्र है. अब बोळा फेंक दो भाई, मैं इतवार को आके जाली पक्की कर देता हूँ."

योगराजनं आईकडे बघितलं. ती उन्हात डोळे मिटून बसली होती आणि तो पोत्याचा बोळा पिळून शेजारच्या दोरीवर वाळत घालायला सुनेला सांगत होती.

"जाली मत पक्की करो मिस्त्री," तो म्हणाला. "अन येताना असाच एक और बोळा बनाके लाओ. चांगला. लंबी सुतळीवाला."